मॉडेलमध्ये विहीर होती, मोटर नव्हती

मामाला विचारलं, "गेल्या आडसाली उसाला युरिया किती पोती टाकला?"

"टाकला की."

"किती पण?"

"लागतो तेवढा."

आतून मामी ओरडली, "आठ आणली होती." मामा म्हणाला, "ती लागणीनंतर. बांधणीला परत आणली, ती कोण धरणार?" मग बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना, तीन आणली की पाच, यावरून दोघांची जुंपली. त्यातली दोन शेजाऱ्याला उसनी दिली होती, त्यातलं एक परत आलं आणि ते मक्याला गेलं. आधीच्या आठांतलीही दोन मक्यालाच गेली होती, हे मामीला मागाहून आठवलं. घरामागचा तो एकच एकराचा तुकडा. मी टोकं जरा सैल ठेवून वहीत लिहिलं: एकरी ६ ते ११ पोती.

ही माझी 'निविष्ठा माहिती', म्हणजे शेतात काय किती घातलं त्याची नोंद. प्रबंधात हा शब्द फार भारदस्त दिसतो. पोत्याला ४५ किलो, युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे एका पोत्यात साधारण २१ किलो नत्र. सहा आणि अकरा यांच्यात एकरी शंभर किलोंवर फरक पडतो. त्यातून २०१८ च्या आधी पोतं ५० किलोचं होतं. म्हणजे मामाच्या जुन्या वहीतलं पोतं आणि नव्या वहीतलं पोतं एक नाही, आणि वहीत दोन्हीकडे नुसतं 'पोतं' आहे.

मी पुण्यात भूजलावर काम करते. शेतातून विहिरीत नायट्रेट (खतातल्या नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) किती उतरतं याचं मॉडेल बनवते, किंवा गेली सहा वर्षं बनवायचा प्रयत्न करते आहे. मामाचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, तीत सवलत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातले सुमारे २० टक्के नमुने या रेषेच्या वर होते, महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून जास्त. तेव्हा प्रश्न खरा आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो माझ्या उत्तरांबद्दल.

कुठलं भूजल सहज दूषित होऊ शकतं याचा पहिला नकाशा मी एमएस्सीला असताना केला, ड्रास्टिक पद्धतीने. १९८७ साली अमेरिकेत बसवलेली पद्धत. पाण्याची खोली, पुनर्भरण, खडक, माती, उतार, मधला कोरडा थर आणि खडकातून पाणी वाहण्याची क्षमता, अशा सात गोष्टींना गुण द्यायचे, प्रत्येकाला ठरलेल्या वजनाने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरीज मोठी तिथे लाल, लहान तिथे हिरवा. नकाशा इतका देखणा झाला की मी तो लॅमिनेट करून घेतला. खडकाच्या रकान्यात बेसॉल्टला २ पासून १० पर्यंत कितीही गुण द्यायची मुभा आहे. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसॉल्टवर बसलेला! म्हणजे परीक्षकाने सांगावं, या मुलीला दहापैकी दोन ते दहा द्या. मी ९ दिले, कारण पुस्तकात 'सर्वसाधारण' म्हणून ९ होते.

मामाची विहीर खणली तेव्हा काय काय लागलं, हे त्याला आजही तोंडपाठ आहे. वर दोन परस माती आणि मुरूम, मग मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र बेसॉल्ट), त्याखाली गेरूचा पट्टा, त्याखाली काळा पाषाण, "सुरुंगाला बी दाद देईना." परस म्हणजे कुणाच्या हिशेबात पाच फूट, कुणाच्या सहा. पण क्रम पक्का आहे. पाणी मांजऱ्यात, पाषाण कोरडा. एकाच विहिरीत वर ९ द्यावेत आणि खाली २, असं आहे ते.

आणि त्या सात गोष्टींत खत कुठेच नव्हतं. ती पद्धत जमीन किती हळवी आहे एवढंच सांगते, वरून काय ओतलंय ते तिला विचारायचंच नसतं. हे मला तेव्हा माहीत होतं, पण नकाशा लाल-हिरवा होता आणि मी तेवीस वर्षांची होते.

नंतर मी माहिती गोळा करण्याच्या मागे लागले. इथे माझी एक वर्षाची माती झाली, ती सांगते.

माझ्याकडे दोन प्रयोगशाळांचे अहवाल होते. एकीकडचे आकडे ४०, ६५, ८० असे, दुसरीकडचे ९, १४, १८. दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासलेल्या गावांचा पट्टा नकाशावर छान स्वच्छ दिसायचा. मी त्या स्वच्छतेची कारणं शोधली, आणि सापडली पण! काळी माती खोल आहे, तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू नायट्रेटचा वायू करून टाकत असणार, वगैरे. दोन पानं लिहिली त्यावर. मग एकदा अहवालाची मूळ प्रत हातात आली. तळाशी बारीक अक्षरात होतं, 'नत्राच्या स्वरूपात'. म्हणजे त्यांनी नायट्रेटमधलं फक्त नत्र मोजलं होतं. त्याचं नायट्रेट करायला ४.४३ ने गुणावं लागतं. १४ चे झाले ६२. पट्टा रातोरात लाल झाला, आणि माझे जीवाणू वाऱ्यावर गेले.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. गाव फार स्वच्छ दिसलं की मी आधी एकक बघते.

बाकीच्या गमती थोडक्यात. एका विहिरीचा ठिकाणा अंश-मिनिटांत लिहिलेला होता, मी तो दशांश समजून टाकला, आणि ती विहीर उजनीच्या जलाशयात जाऊन पडली. काही नोंदींत 'आढळले नाही' याच्या जागी शून्य होतं, काहींत रिकामी जागा. नमुने बहुतेक वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या आधी घेतलेले. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून थेट खाली जातो आणि वर साचलेलं सगळं बरोबर नेतो. म्हणजे जे बघायचं ते जून-जुलैत घडतं, आणि आपली बाटली मे महिन्यातली.

आता खरं सांगायचं ते सांगते. माहिती अशी फाटकी असेल तर मॉडेल करायचं कशाला, असं मला बरेचजण विचारतात. मामाही विचारतो, जरा वेगळ्या शब्दांत. म्हणून एक हिशेब इथेच करून दाखवते. कागदावर मावतो.

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. मामाची पोती बाजूला ठेवू, शिफारसच धरू. त्यातलं पिकाच्या मुळांना न सापडता खाली निचरून किती जातं? ५ टक्के धरा, २० धरा, दोन्हींच्या बाजूने बोलणारे भेटतील. म्हणजे हेक्टरी २० ते ८० किलो. हे किती पाण्यात मिसळतं? पाटाने मोकळं पाणी दिलं तर उसाला २०० सेंटिमीटर सहज लागतं. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या निकषांत विहिरीच्या पाण्यावरच्या भिजवणीतलं परत जमिनीत मुरणारं पाणी, भूजल किती खोल आहे त्यावर, ५, १५ किंवा २५ टक्के धरलं आहे. म्हणजे १० ते ५० सेंटिमीटर. झिजलेल्या बेसॉल्टवर पावसाचे ७ टक्के मुरतात, ते आणखी साडेतीन. एकूण साडेतेरा ते साडेत्रेपन्न सेंटिमीटर. (पीक सोळा-अठरा महिने उभं असतं आणि पाऊस मी एकाच वर्षाचा धरलाय. चालवून घ्या, साडेतीनाने फार बिघडत नाही.)

मधले आकडे घेतले, साडेबारा टक्के आणि साडेतेहतीस सेंटिमीटर, तर खाली जाणाऱ्या पाण्यात नायट्रेट येतं लिटरला ६६ मिलिग्रॅम. कमीत कमी नत्र आणि जास्तीत जास्त पाणी घेतलं तर १७. उलट घेतलं तर २६२. मधे कुठेतरी ४५ ची रेषा. संगणकाला सांगितलं, दोन्ही आकडे त्या त्या टोकांमधून कुठलेही उचल आणि हे दहा हजार वेळा कर. दर चारातल्या तीन वेळा उत्तर ४५ च्या वर आलं.

माझं पहिलं सादरीकरण इथेच संपलं होतं. 'मर्यादा ओलांडण्याची शक्यता ७६ टक्के'. लोकांनी माना डोलावल्या. १७ ते २६२ एवढ्या रुंद आकड्याला टक्केवारीचा सदरा घातला की तो कसा नीटनेटका दिसतो.

परत येताना एसटीत बसल्यावर लक्षात आलं की संगणकाने ते दोन आकडे एकमेकांना न विचारता उचलले होते. नत्र खाली जातं ते पाण्याबरोबर. पाणी थोडं मुरलं तर नत्र थोडं जाणार, भरपूर मुरलं तर भरपूर. साडेत्रेपन्न सेंटिमीटर पाणी मुरलं आणि नत्र मात्र पाचच टक्के गेलं, किंवा पाणी मुरलंच नाही आणि नत्र वीस टक्के निसटलं, असं रानात सहसा होत नाही. मग दोन्हींना एकत्र बांधलं. कमीला कमी: ५ टक्के आणि साडेतेरा सेंटिमीटर, उत्तर ६६. जास्तीला जास्त: २० टक्के आणि साडेत्रेपन्न, उत्तर ६६.

मी तीनदा करून बघितलं. दोन्ही बाजू चौपटच वाढतात, त्यामुळे इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा आकड्यांचा योगायोग आहे. रानात ती गाठ एवढी घट्टही नसते. तरीही गोष्ट खरी आहे. पाण्यातलं नायट्रेटचं प्रमाण मला वाटत होतं तितकं अनिश्चित नव्हतंच. अनिश्चित होता तो एकूण बोजा, हेक्टरी वीस किलो की ऐंशी. चार वर्षं मी मुरूम किती खोल आणि पाषाण किती खोल हे नेमकं करण्यात घालवली. त्यातल्या निम्म्या वेळात मामीच्या स्वयंपाकघरात बसून पोत्यांचा हिशेब पक्का केला असता तर जास्त हाती लागलं असतं. अज्ञान सगळं सारख्या किमतीचं नसतं, आणि मॉडेलचा मला झालेला खरा उपयोग म्हणजे कुठलं महाग आणि कुठलं स्वस्त हे कळणं.

मग एक दिवस मामाच्या विहिरीवर बसले होते. मामाने खिशातून मोबाइल काढला, बटण दाबलं, ऑटोने मोटर चालू झाली. (लाइट रात्री असली की तो अंथरुणातूनच चालू करतो, पूर्वी विंचू-काट्यातून जायचा.) पाइपातून पाणी पाटात पडलं, पाटातून सरीत, सरीतून उसाला. मी त्या पाण्यात नायट्रेटची पट्टी बुडवली. रंग ५० आणि १०० च्या चौकोनांच्या मधे कुठेतरी थांबला, फिक्या चौकोनाकडे झुकून. नंतर प्रयोगशाळेतून आलेला आकडा साठीतला होता, आणि हो, एकक बघितलं.

पट्टी हातात धरून मी त्या सरीकडे बघत बसले. मॉडेलमध्ये विहीर होती. मोटर नव्हती. नायट्रेट खाली गेलं की माझ्या हिशेबातून सुटलं, असंच मी धरलं होतं. पण ते तर इथे समोर, पाटातून परत उसाकडे चाललं होतं.

हिशेब सोपा जावा म्हणून लिटरला ५० धरा. हेक्टरी २०० सेंटिमीटर पाणी म्हणजे वीस हजार घनमीटर. त्यात नायट्रेट हजार किलो. नत्रात सांगायचं तर २२५ किलोंच्या वर. शिफारशीच्या निम्म्याहून जास्त नत्र मामा मोटरीने टाकत होता, दुकानात न जाता, पावती न घेता. एकरी सव्वाचार पोत्यांच्या वर.

घाईघाईने मोटर मॉडेलमध्ये घातली. एका फेऱ्यात ६६, तेच पाणी परत दिलं की ११५, मग १५२, असं चढत चढत २६० च्या आसपास जाऊन थांबलं. विहिरीत मात्र साठीच. म्हणजे आता चूक उलट्या बाजूला. कुठून तरी चांगलं पाणी येत होतं, किंवा पाण्यातलं नत्र ऊस मी धरलं त्याहून जास्त खात होता, किंवा दोन्ही.

मामाला सांगितलं तर म्हणाला, "कालव्याचं आवर्तन सुटलं की विहीर दोन परस चढती, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे ते, पहिल्याच पानावर, पोत्यांच्या वर. पावसाचं मुरणं मी घातलं, भिजवणीचं घातलं, कालव्याची गळती घातली नाही. कारण तिचा आकडा माझ्याकडे नव्हता, आणि आकडा नाही त्या जागी मी चक्क शून्य धरलं होतं. 'आढळले नाही'च्या जागी शून्य लिहिणाऱ्या त्या कारकुनाला मी वर हसले होते, त्याची इथे माफी मागते.

आता मॉडेलमध्ये कालवा आहे. आकडा अजून पक्का नाही, पण टोकं आहेत: आवर्तनाच्या आधी आणि नंतर विहीर किती चढते ते मामा कोळशाने कठड्यावर खूण करून ठेवतो. त्या खुणा मी टेपने मोजते.

एक गोष्ट यात बसत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ४५ ची रेषा ठरली ती तान्ह्या मुलांसाठी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. मामाच्या घरी आता आरओचा फिल्टर आहे. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी येते, रानाकडेला कोप्या पडतात, आणि जवळची विहीर ती त्यांची विहीर. त्यांच्यात लेकुरवाळ्या बाया असतात. अहवालात 'बाधित लोकसंख्या' लिहिताना आम्ही गावाची जनगणना घेतो. तीत या बाया नाहीत, त्या त्यांच्या गावाकडच्या यादीत आहेत. मागच्या हंगामात मुकादमाला मी सांगितलं, बाळाच्या दुधाला हे पाणी नको. तो म्हणाला, उकळून देतो. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. हे त्याला पटवायला मला मॉडेलपेक्षा मामीचा जास्त उपयोग झाला. तिने सरळ घरच्या फिल्टरचा नळ दाखवला आणि सांगितलं, तान्ह्या लेकरांसाठी इथून न्या.

मामाने शेवटी विचारलंच, "मग पोती किती कमी करू?"

हाच प्रश्न मला कुठल्याही परिसंवादात कुणी विचारला नव्हता. कागदावर सव्वाचार पोती दिसतात खरी, पण पाण्यातलं सगळं नत्र उसाला वेळेवर मिळत नाही. बांधणीच्या वेळी भूक मोठी असते, आणि पाणी तर वर्षभर थोडं थोडं देतं. शिवाय कालव्याचं पाणी आलं की प्रमाण पातळ होतं. मी म्हटलं, दोन. आणि सगळ्या रानात नको, अर्ध्या एकरात. राहिलेल्या अर्ध्यात नेहमीसारखं.

"आणि टनेज घटलं तर?"

"तर मी चुकले."

"तू चुकलीस तर माझं जातंय, तुझं काय जातंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडलेल्या टनाचे पैसे मी देईन असं म्हटलं, तर तो रागावला. मग मामी मधे पडली आणि दोनवर ठरलं. बांधावर मधोमध दोन दगड रोवलेत, डावीकडे कमी, उजवीकडे नेहमीचं. पोती मामी मोजते. वहीही आता तिच्याकडेच आहे.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरची बाटली तिने स्वतः भरली आणि फ्रिजमध्ये ठेवली, थंड ठेवायची म्हणून मी सांगितलं होतं तशी. मग पाहुणे आले, दुधाचं पातेलं ठेवायला जागा हवी होती, आणि बाटली दीड दिवस ओट्यावर राहिली. फोनवर तिने हे आपणहून सांगितलं. मी तारखेपुढे तसं लिहून ठेवलंय, 'दीड दिवस ओट्यावर', आणि त्या आकड्याची टोकं जरा रुंद केली आहेत. दुसरी बाटली भरून आता फ्रिजच्या दारात आहे. तिच्यावर मामीने कुंकवाने फुली मारून ठेवलीय, कुणी चुकून पिऊ नये म्हणून.